हार्डवेअर रेडवर फाईल सिस्टीम नीट कशी बसवायची: कार्डापासून एफएसटॅबपर्यंत

हार्डवेअर रेड कार्ड (अनेक डिस्क जोडून एकच डिस्क म्हणून दाखवणारं कार्ड) घेतलं की बहुतेक जण आठ डिस्क जोडतात, कार्डाच्या मेनूत जाऊन रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो ती रचना) बनवतात, मग लिनक्समध्ये एकच भलीमोठी डिस्क दिसते आणि तिला फॉरमॅट मारून मोकळे होतात. चालतं सुद्धा, कुठे एरर येत नाही. भानगड एवढीच की त्या एका डिस्कच्या मागे खरं तर आठ डिस्क आहेत, डेटा त्यांच्यावर तुकड्या-तुकड्यांनी पसरतोय, हे फाईल सिस्टीमला कोणी सांगितलेलंच नसतं, आणि कार्ड बहुतेक वेळा आपणहून सांगत नाही. सॉफ्टवेअर रेड असतं तर फॉरमॅट करणाऱ्या एमकेएफएस कमांडने ही माहिती स्वतःच उचलली असती. इथे ती आपण भरायची.

उदाहरण एकच धरून चालू म्हणजे आकडे डोक्यात बसतील. समजा फोंड्यातला एक व्हिडिओ स्टुडिओ आहे, लग्नं, शिगमो, जत्रेतली दशावतारी नाटकं, वास्कोचा दामोदर सप्ताह असलं सगळं शूट करणारा. ४ टीबीच्या ८ डिस्क, रेड ६, ६४ जीबी रॅम, आणि दोन-तीन एडिटर एकाच वेळी त्यावरून फुटेज ओढतायत. रेड ६ मध्ये दोन डिस्कांएवढी जागा पॅरिटीला (डिस्क गेली तर तिच्यावरचा डेटा परत काढायला लागणारी जादा माहिती) जाते, म्हणजे डेटाच्या डिस्क ६ आणि जागा २४ टीबी. लिनक्स तीच जागा २१.८ टीआयबी दाखवील, काही हरवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी (टीबी हजाराच्या पटीत, टीआयबी १०२४ च्या). कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाईप अर्थात इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

आधी काम कसलं ते ठरवा

व्हिडिओ म्हणजे मोठ्या फाईली, सलग वाचन, सलग लेखन. हॉटेलच्या बुकिंगचा डेटाबेस म्हणजे ह्याच्या बरोब्बर उलट, मायएसक्यूएलमधल्या इनोडीबीचं पान (एका वेळी लिहायचा तुकडा) १६ केबीचं, पोस्टग्रेचं ८ केबीचं, आणि लेखन कुठेही विखुरलेलं. पॅरिटीवाल्या रेडला असलं बारीक लेखन महाग पडतं: रेड ५ वर (पॅरिटीला एकाच डिस्कएवढी जागा) एका छोट्या राईटसाठी साधारण चार वेळा डिस्कवर जावं लागतं (जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, दोन्ही नवीन लिही), रेड ६ वर सहा वेळा, रेड १० वर (पॅरिटी नाही, प्रत्येक डिस्कची जुळी प्रत) फक्त दोन वेळा. म्हणून डेटाबेस असेल तर फाईल सिस्टीमच्या सेटिंगांत डोकं घालण्याआधी रेड १० करा, तेवढा फायदा पुढच्या कुठल्याच पायरीत मिळणार नाही. व्हिडिओला रेड ६ ठीक. एवढ्या मोठ्या डिस्कांवर रेड ५ मी तरी लावणार नाही, रिबिल्डला (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत बनवायला) इतका वेळ लागतो की तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं.

कार्डाकडून दोन आकडे काढा

आपल्याला हवंय काय तर एका डिस्कवर सलग किती केबी लिहून कार्ड पुढच्या डिस्ककडे जातं तो आकडा, आणि डेटाच्या डिस्क किती. पहिल्याला स्ट्रिप म्हणतात, आणि स्ट्रिप गुणिले डेटाच्या डिस्क म्हणजे पूर्ण स्ट्राईप. कार्डांच्या मेनूत ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली असतात, त्यामुळे समोरचा आकडा एका डिस्कचा की सगळ्या डिस्कांचा मिळून, हे खात्री करूनच पुढे जा.

मेगारेड घराण्यातलं कार्ड असेल तर

स्टॉरसीएलआय६४ /सी०/व्ही० शो ऑल

असं मारा. डेलच्या पर्क कार्डांना पर्कसीएलआय आहे, कमांड तशाच. ह्यात स्ट्रिप साईज, एका स्पॅनमध्ये (डिस्कांच्या गटात) किती डिस्क, राईट कॅश कुठल्या मोडमध्ये, डिस्कची स्वतःची कॅश चालू की बंद, सगळं दिसतं. एचपीच्या स्मार्ट ॲरेवर एसएसएसीएलआय वापरायचं, ते बरं आहे, स्ट्रिप आणि पूर्ण स्ट्राईप दोन्ही वेगवेगळे छापून देतं.

स्ट्रिप साईज काही कार्डांवर आपोआप ६४ केबी येते, काहींवर २५६. व्हिडिओसाठी २५६ छान. वॉल्यूम (कार्डाने बनवलेली ती एक मोठी डिस्क) एकदा बनला की बऱ्याच कार्डांवर हा आकडा बदलता येत नाही, वॉल्यूम पाडून पुन्हा बनवावा लागतो, म्हणजे बदलायचा असेल तर आत्ताच, डेटा भरायच्या आधी. आपल्या स्टुडिओचा हिशेब: २५६ केबी × ६ = १५३६ केबी, म्हणजे दीड एमबीची पूर्ण स्ट्राईप. रेड ५ असतं तर ७ ने गुणलं असतं, रेड १० असतं तर ४ ने.

बॅटरी आणि राईट-बॅक: इथे घाई करू नका

बाकी कुठे चुकलात तर सर्व्हर थोडा हळू चालेल, इथे चुकलात तर डेटा जाईल, म्हणून ह्यावर जरा जास्त बोलतो. राईट-बॅक म्हणजे डेटा कार्डाच्या रॅममध्ये पोचला की कार्ड लगेच "झालं" सांगतं आणि डिस्कवर नंतर सवडीने लिहितं. राईट-थ्रू म्हणजे डिस्कवर लिहून झाल्याशिवाय "झालं" म्हणत नाही. पॅरिटी रेडवर ह्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण राईट-बॅकमध्ये कार्डाला वाट बघता येते, बेतीच्या फेरीबोटीसारखं, माणसं भरली की सुटायचं: पूर्ण स्ट्राईप जमा झाली की जुनं काही न वाचता नवी पॅरिटी काढून एका दमात लिहून टाकायची.

पण लाईट गेली की ती कार्डाची रॅम कोण सांभाळणार? आपल्याकडे जूनचा पहिला वारा सुटला, एखादी माडाची झावळ तारेवर पडली की लाईट गेलीच समजा, आणि रात्री गेलेली सकाळपर्यंत येईलच असं नाही. जुन्या कार्डांवर बॅटरी असते, ती कॅशमधला डेटा दोन-तीन दिवस धरून ठेवते, तेही बॅटरी ठणठणीत असेल तर. नव्या कार्डांवर सुपर कपॅसिटर आणि फ्लॅश असतो, लाईट गेली की कॅश फ्लॅशवर उतरवली जाते, मग लाईट आठवडाभर आली नाही तरी फरक पडत नाही. सर्व्हर सेकंडहँड घेत असाल तर बॅटरी मेलेली आहे असं समजूनच किंमत करा.

कार्डात साधारण तीन पर्याय असतात: राईट-थ्रू, राईट-बॅक, आणि ऑलवेज राईट-बॅक. मधला घ्यायचा. त्यात बॅटरी खराब झाली की कार्ड आपणहून राईट-थ्रूवर येतं, स्पीड पडतो पण डेटा वाचतो. ऑलवेजवाला बॅटरीकडे बघतच नाही, तो लावू नका, स्पीड अचानक पडला म्हणून कोणी सांगितलं तरी लावू नका, स्पीड का पडला ते बघा. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की जुन्या बॅटऱ्या काही महिन्यांनी लर्न सायकल करतात, म्हणजे स्वतःला पूर्ण उतरवून परत चार्ज करतात, आणि तेवढे तास कार्ड राईट-थ्रूवर असतं. ते नेमकं लग्नाच्या सीझनमध्ये डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी होऊ नये म्हणून त्याची वेळ आपण ठरवून ठेवायची.

डिस्कची स्वतःची कॅश बंद करा. ती कार्डाच्या बॅटरीच्या छत्राखाली येत नाही, आणि मागे राईट-बॅक असल्यावर तिची गरजही फार उरत नाही. यूपीएस आहे म्हणून हे सगळं सोडून देऊ नका, पॉवर सप्लाय उडाला किंवा कोणी झाडू मारताना वायर ओढली तर यूपीएस काही करत नाही.

आणि "दादा, नोबॅरियर टाकू काय?" हे विचारणारे अजून भेटतात. बॅरियर म्हणजे फाईल सिस्टीम मधून मधून 'आधीचं सगळं पक्कं लिहून टाक' असं सांगते ते, म्हणजे फ्लश; नोबॅरियर ते बंद करतं. नका टाकू. बॅटरीवालं कार्ड नीट चालू असेल तर फाईल सिस्टीमच्या फ्लशला कार्ड कॅशमधूनच उत्तर देतं, त्यामुळे बॅरियर चालू ठेवून तसंही काही विशेष जात नाही. एक्सएफएसमधून तर हा ऑप्शन कर्नल ४.१९ पासून काढूनच टाकलाय, एफएसटॅबमधली (सर्व्हर सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) जुनी लाईन कॉपी केलीत तर माउंटच होणार नाही. ईएक्सटी४ मध्ये बॅरियर=० अजून चालतं, पण चालतं म्हणून करायचं नसतं.

पार्टिशन कुठून सुरू होतं ते बघा

जुन्या काळी पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, त्यामुळे सगळं तिरकं बसायचं, स्ट्रिपच्या सीमेशी जुळायचं नाही (हे जुळणं म्हणजे अलाईनमेंट). हल्लीची टूल्स १ एमआयबीपासून सुरू करतात, आणि १ एमआयबीला २५६ केबीने पूर्ण भाग जातो म्हणून स्ट्रिपशी जुळतं. पण आपली पूर्ण स्ट्राईप दीड एमबीची, तिच्याशी नाही जुळत. सोपा उपाय म्हणजे ३ एमआयबीपासून सुरू करा, म्हणजे बरोब्बर दोन स्ट्राईप सोडून:

पार्टेड /डेव्ह/एसडीबी एमकेलेबल जीपीटी
पार्टेड /डेव्ह/एसडीबी एमकेपार्ट साठा ३एमआयबी १००%

जीपीटीच घ्या, जुन्या एमबीआरला २ टीआयबीच्या पुढचं दिसत नाही. पार्टिशन न करता थेट अख्ख्या डिस्कवर फाईल सिस्टीम टाकली तरी अलाईनमेंटचा प्रश्न मिटतो, पण मग उद्या कोणीतरी बघणार, अरे ह्यावर पार्टिशन नाही म्हणजे रिकामी आहे, आणि फॉरमॅट मारणार. म्हणून मी पार्टिशन करतोच.

एलव्हीएम (डिस्कची जागा एलव्ही नावाच्या भागांत वाटणारा थर) वापरायचं असेल तर पीव्हीक्रिएटला डेटा अलाईनमेंट १५३६ केबी द्या. त्यात एक खोच आहे: एलव्हीएमचा एक्स्टेंट (जागा वाटायचा सगळ्यात छोटा तुकडा) आपोआप ४ एमआयबीचा असतो, त्याला दीडने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे पहिला एलव्ही बरोबर बसेल आणि दुसरा तिरका. एलव्हीचा आकार तीनच्या पटीतल्या एक्स्टेंटांचा ठेवलात (३ एक्स्टेंट म्हणजे १२ एमआयबी, म्हणजे ८ स्ट्राईप) तर पुढचा पण जुळून येतो. एकच मोठा एलव्ही असेल तर हा प्रश्नच नाही, आणि स्नॅपशॉट वगैरे नको असतील तर एलव्हीएमची तरी काय गरज.

फॉरमॅट

आधी एलएसबीएलके मारून साईज आणि मॉडेल बघा, एसडीबी खरंच रेडचा वॉल्यूम आहे ना, कारण रीबूटनंतर ही अक्षरं बदलू शकतात. मोठ्या फाईलींसाठी माझी पसंती एक्सएफएसला:

एमकेएफएस.एक्सएफएस -एल साठा -डी एसयू=२५६के,एसडब्ल्यू=६ /डेव्ह/एसडीबी१

ह्यातला एल कॅपिटल आणि डी छोटा. एसयू म्हणजे एका डिस्कवरची स्ट्रिप, एसडब्ल्यू म्हणजे डेटाच्या डिस्क किती (एकूण नव्हे, इथे ८ लिहिणारे पुष्कळ). माउंट केल्यावर एक्सएफएस_इन्फो मारा, तिथे एसयुनिट ६४ आणि एसविड्थ ३८४ दिसेल, ते ४ केबीच्या ब्लॉकांत आहे म्हणून: ६४ × ४ = २५६. माउंट ऑप्शनमध्ये हेच आकडे ५१२ बाईटच्या सेक्टरमध्ये लिहायचे असतात, म्हणजे ५१२ आणि ३०७२. ह्या तीन वेगवेगळ्या मापांनी भल्याभल्यांना चक्रावलंय, म्हणून फॉरमॅटच्या वेळी एसयू आणि एसडब्ल्यूच वापरा.

स्ट्रिप २५६ केबीपेक्षा मोठी असेल तर एमकेएफएस लॉगबद्दल (फाईल सिस्टीम बदलांची नोंद ठेवते ती जागा) एक वॉर्निंग देतं की लॉगची स्ट्राईप ३२ केबी केली. ती सोडून द्या, लॉगची मर्यादाच २५६ आहे. एजी (अलोकेशन ग्रुप, एक्सएफएस जागेचे जे मोठे भाग पाडते ते) साईज स्ट्राईपच्या पटीत येते अशी वॉर्निंग आली तर मात्र थांबा, तेव्हा सगळे अलोकेशन ग्रुप एकाच डिस्कवर सुरू होतात आणि तिच्यावरच भार येतो. हे सहसा एजीचा आकार आपण हाताने दिला की होतं, तो देऊच नका, एमकेएफएस स्वतः बरोबर काढतं.

ईएक्सटी४ हवं असेल तर तिथे दोन्ही आकडे ब्लॉकांत:

एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम १ -ई स्ट्राईड=६४,स्ट्राईप_विड्थ=३८४ /डेव्ह/एसडीबी१

ह्यातला ई कॅपिटल आणि एम छोटा. -एम १ का, तर ईएक्सटी४ आपोआप ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, २४ टीबीवर ती १.२ टीबी होते. ईएक्सटी४ चा एक फायदा म्हणजे स्ट्राईडचे आकडे ट्यून२एफएसने नंतर पण बदलता येतात. एक्सएफएस नंतर छोटी करता येत नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या, वाढवता मात्र छान येते. उद्या एक डिस्क वाढवून डेटाच्या ७ झाल्या तर एक्सएफएस_ग्रोएफएस केल्यावर एसयुनिट=५१२,एसविड्थ=३५८४ असं देऊन माउंट करायचं म्हणजे नवीन लेखन नव्या रचनेप्रमाणे होतं.

एफएसटॅब

इथे कमीत कमी लिहा. यूयूआयडी (फाईल सिस्टीमचा कायमचा ओळख-क्रमांक), नोएटाईम, नोफेल, बास. ॲक्सेस टाईमचा (फाईल वाचली की ती वेळ लिहून ठेवण्याचा, नोएटाईम ते बंद करतं) त्रास तसा २.६.३० पासून रिलाटाईममुळे कमी झालाय, तरी मोठ्या साठ्यावर नोएटाईम टाकायला हरकत नाही. नोफेल महत्त्वाचं: कार्डाने वॉल्यूम दिला नाही तर त्याच्याशिवाय सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो, आणि मॉनिटर नसलेल्या मशीनवर ते कळायला कोणीतरी तिथे जावं लागतं. आयनोड६४, लॉगबफ्स=८ असल्या गोष्टी लोक अजून लिहितात, त्या कधीच्याच आपोआप तशाच असतात.

रीड-अहेड: स्टुडिओला खरा फरक जाणवतो तो इथे

लिनक्सचं रीड-अहेड (मागितलेल्याच्या पुढचं आधीच वाचून ठेवणं) आपोआप १२८ केबी असतं. आपली स्ट्रिप २५६ केबीची. म्हणजे एडिटर फाईल सलग वाचतोय आणि कर्नल पुढचं जेवढं मागवतोय ते जेमतेम एकाच डिस्कवर, बाकी सात नुसत्या फिरतायत. हे निदान दोन पूर्ण स्ट्राईपएवढं करा:

ब्लॉकडेव्ह --सेटआरए ६१४४ /डेव्ह/एसडीबी

इथे माप पुन्हा ५१२ बाईटचं, ६१४४ म्हणजे ३ एमबी. एकच माणूस एडिट करत असेल तर १२२८८ करून बघा. तिघं-चौघं एकाच वेळी असतील तर फार वाढवू नका, प्रत्येकाचं पुढचं वाचताना डिस्कची वाचणारी डोकी इकडून तिकडे धावतात. डेटाबेसला हे आहे तसंच ठेवा. रीबूट झाल्यावर सेटिंग जातं, म्हणून यूडेव्हच्या (डिस्क दिसली की सेटिंग लावणाऱ्या) रूलमध्ये टाकून ठेवा.

शेड्यूलर (डिस्ककडच्या मागण्यांचा क्रम लावणारा कर्नलचा भाग) नन किंवा एमक्यू-डेडलाईन ठेवा. कुठली डिस्क कुठे आहे हे कार्डाला माहीत, कर्नलला नाही, त्यामुळे कर्नलने फार हुशारी करण्यात अर्थ नाही. मॅक्स_सेक्टर्स_केबी (एका मागणीत जास्तीत जास्त किती केबी) पण बघून घ्या, अनेक कर्नलमध्ये ते १२८० असतं, आपल्या १५३६ पेक्षा कमी. मॅक्स_एचडब्ल्यू_सेक्टर्स_केबी जितकं परवानगी देतं तितकं वाढवा, नाही देत तर राहू द्या, तुकडे जोडायला कार्डाची कॅश आहेच.

मग रॅमचा प्रश्न. ६४ जीबी रॅम असली की (डर्टी म्हणजे रॅममध्ये असलेला, डिस्कवर अजून न लिहिलेला डेटा) डर्टी बॅकग्राऊंड रेशो १० टक्के आणि डर्टी रेशो २० टक्के म्हणजे कितीतरी जीबी डेटा रॅममध्ये साचतो आणि मग एकदम डिस्कवर कोसळतो, त्यावेळी कोणाची तरी टाईमलाईन अडकते. सिस्सीटीएलमध्ये (कर्नलची सेटिंगं बदलायची कमांड) टक्क्यांऐवजी बाईट द्या, बॅकग्राऊंडला २५६ एमबी, वरची मर्यादा १ जीबी, म्हणजे पाणी साचायच्या आधीच वाहतं राहील.

मोजताना

डीडीने शून्यं लिहून मिळालेला आकडा कोणाला दाखवू नका, तो बहुतेक रॅमचा स्पीड असतो. एफआयओ (डिस्कचा स्पीड मोजायचं टूल) घ्या, फाईल १२८ जीबीची, म्हणजे रॅमच्या दुप्पट. कार्डावर रेडचं बॅकग्राऊंड इनिशियलायझेशन चालू असेल तर ते संपू द्या. ईएक्सटी४ वर पहिल्या माउंटनंतर आयनोड टेबल मागे लिहिलं जात असतं, ते पण आकडे बिघडवतं, नको असेल तर फॉरमॅट करतानाच लेझी_आयटेबल_इनिट=० द्या. आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: एफआयओत डायरेक्ट=१ असेल तर पेज कॅश (लिनक्स फाईलींचा डेटा रॅममध्ये ठेवतं ती जागा) वगळली जाते आणि तिच्याबरोबर रीड-अहेड पण, मग सेटआरए कितीही बदला, आकडा हलणार नाही. रीड-अहेड तपासायचं तर डायरेक्ट=०, आणि प्रत्येक वेळी ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहून कॅश रिकामी करायची.

आयओस्टॅट (डिस्कच्या वाचन-लेखनाचे आकडे दाखवणारी कमांड) बघत असाल तर ते फक्त कार्डापर्यंतचं दाखवतं. कार्ड आत पॅरिटीसाठी जुना डेटा वाचतंय का, हे त्यात येत नाही. त्यामुळे अलाईनमेंट चुकली तरी आयओस्टॅट शांत दिसतं, फक्त राईटचा अवेट (एका राईटला लागणारा सरासरी वेळ) चढलेला असतो.

पुढची देखभाल

पॅट्रोल रीड (खराब जागा शोधायला सगळ्या डिस्क वाचून बघणं) आणि कन्सिस्टन्सी चेक (पॅरिटी डेटाशी जुळते का ते बघणं) कार्डात वेळ लावून ठेवा, दोन्ही एकाच रात्री नको. डिस्कची तब्येत कार्डाच्या मागून बघायला स्मार्टसीटीएल -डी मेगारेड,० (मग १, २ असं पुढे) चालतं. एक तशीच डिस्क कपाटात सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा, आपल्या हवेत पावसाळ्यात उघडी ठेवलेली वस्तू महिनाभरात घामेजते, आणि मुंबई-बेंगळुरूहून डिस्क यायची वाट बघत रेड डिग्रेडेड (एक डिस्क कमी) ठेवणं बरं नाही. बॅकअप वेगळ्या मशीनवर, शक्यतो वेगळ्या गावात. लग्नाची मूळ फाईल चुकून डिलीट केली तर रेड ती आठच्या आठ डिस्कांवरून इमानदारीने काढून टाकतं.

शेवटी एका कागदावर कार्डाचं मॉडेल, फर्मवेअर, स्ट्रिप साईज, डिस्कांचा क्रम, फॉरमॅटची पूर्ण कमांड आणि सेटआरएचा आकडा लिहून तो सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. कार्ड मेलं तर त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड लागतं, ते बसवल्यावर डिस्क "फॉरेन" म्हणून दिसतात, तेव्हा इम्पोर्ट करायचं, क्लियर नाही. हे दोन शब्द पण त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.